आतड्यातली गाठ दुर्बिणीतून काढल्यावर : घरचे चौदा दिवस

परसाकडे बसल्यावर रक्त पडले की आपल्याकडे त्या दुखण्याचे नाव ठरलेले असते : मूळव्याध. मग कोणी सुरणाची भाजी खायला सांगतो, कोणी ताक प्यायला सांगतो, कोणी बाजाराच्या दिवशी झाडपाल्याची पुडी आणून देतो. पुष्कळदा ती खरोखरच मूळव्याध असते. पण काही वेळा रक्त येते ते आणखी वरून, मोठ्या आतड्यातून. तिथल्या आतल्या अस्तरावर मांसाची एखादी गाठ वाढलेली असते. डॉक्टर तिला पॉलिप म्हणतात. ही गाठ आता पोट न फाडता, खालून दुर्बीण घालून काढता येते.

सोय मोठी आहे. पण तिच्याविषयी गावोगाव दोन टोकाच्या समजुती आहेत. एक म्हणते, "दुर्बीण घातली की आतड्याला भोक पडते." दुसरी म्हणते, "टाका नाही, चिरा नाही, मग ऑपरेशन कसले?" पहिलीपायी माणूस तपासणीला जात नाही आणि गाठ वाढत राहते. दुसरीपायी तो तिसऱ्याच दिवशी सोयाबीनचे पोते पाठीवर घेतो. दोन्हींत घात आहे. गाठ काढायला अर्धा-पाऊण तास लागतो. धोका मात्र रोग्याबरोबर घरी येतो आणि दोन आठवडे घरात राहतो. दवाखाना जवळ असलेल्या शहरातल्या माणसापेक्षा वाशिम जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबाला ही गोष्ट अधिक नीट समजून घेतली पाहिजे.

गाठ म्हणजे काय?

आपले मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब असते. त्याच्या आतले अस्तर ओले आणि गुळगुळीत असते. वय वाढते तसे त्यावर कुठे कुठे मांसाचे उंचवटे उगवतात. काही पावसाळ्यात उकिरड्यावर येणाऱ्या भूछत्रासारखे असतात, खाली देठ आणि वर टोपी. काही तव्याला चिकटलेल्या भाकरीसारखे पसरट असतात. काही हरभऱ्याएवढे, तर काही लिंबाएवढे. बहुतेक गाठी दुखत नाहीत, कळतही नाहीत. एखादीतून थोडे रक्त झिरपते आणि माणूस हळूहळू पांढरा पडत जातो.

बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण त्यांतल्या एका जातीच्या गाठी तशाच राहू दिल्या तर काही वर्षांनी, साधारण दहा वर्षांच्या काळात, त्यांतल्या काहींचा कर्करोग होतो. म्हणून सापडलेली गाठ काढून टाकायची पद्धत पडली. अमेरिकेत १,४१८ रोग्यांच्या गाठी काढून त्यांच्यावर काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. १९९३ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गाठी काढलेल्या या लोकांत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा तीन-चतुर्थांशाहून अधिक कमी आढळले.

याचा अर्थ गावातल्या प्रत्येकाने उठून दुर्बीण घालून घ्यावी असा नाही. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथल्या नोंदींत मोठ्या आतड्याचा कर्करोग मुंबईच्या मानाने कमी आढळतो. पण कमी म्हणजे नाहीच असे नव्हे. पन्नाशीच्या आसपास रक्त पडू लागले, शौचाची जुनी सवय महिना-दोन महिने बदलली, कारण नसताना वजन उतरले, पुरुषमाणसाच्या अंगात रक्त कमी भरले, किंवा आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर मूळव्याधीच्या पुडीवर वर्ष काढू नये. डॉक्टरांना दाखवावे.

दुर्बीण काम कशी करते?

बोटाएवढ्या जाडीची एक लवचीक नळी गुदद्वारातून आत सरकवतात. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. नळीतूनच तारेचा बारीक फास आत जातो. डॉक्टर तो फास गाठीच्या बुडाशी अडकवतात आणि आवळतात. गाठ लहान असेल, साधारण एक सेंटिमीटरच्या आत, तर आता बहुधा नुसत्या फासानेच कापतात. मोठी असेल तर फासातून विजेचा प्रवाह सोडून कापताना चटका देतात, म्हणजे रक्तवाहिन्या भाजून बंद होतात. पसरट गाठ असेल तर आधी तिच्याखाली सुईने पाणी भरून ती उचलून घेतात.

न्यूयॉर्कमध्ये डॉ. विल्यम वूल्फ आणि डॉ. हिरोमी शिन्या यांनी १९६९ मध्ये या रीतीने गाठ काढून दाखवली. त्याआधी आतड्यात वर असलेल्या गाठीसाठी पोटच उघडावे लागे. आजही सगळ्याच गाठी दुर्बिणीतून निघत नाहीत. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांना १९८५ च्या जुलैत दुर्बिणीने तपासले, तेव्हा आतड्याच्या सुरुवातीच्या भागात मोठी गाठ सापडली. ती दुर्बिणीतून निघण्यासारखी नव्हती. दुसऱ्याच दिवशी पोट उघडून आतड्याचा तेवढा भाग काढला. गाठीत कर्करोग निघाला, पण वेळेत निघाला. रेगन त्यानंतर जवळजवळ १९ वर्षे जगले. तेव्हा "ही गाठ दुर्बिणीतून काढण्यात धोका आहे, ऑपरेशन करू," असे डॉक्टर म्हणाले तर ते पैशासाठीच म्हणतात असे समजू नये. शंका असेल तर कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

अर्धा धोका आधीच टळतो

पुढच्या त्रासाचा बराच भाग आधीच्या तयारीवर ठरतो. पहिली तयारी आतडे स्वच्छ करण्याची. दोन-तीन दिवस आधीपासून जवसाची चटणी, तीळ, पेरू, वांगी, टमाटे, पालेभाज्या आणि सालीची डाळ बंद. मऊ भात, वरणाचे पाणी, ताक चालते. आदल्या दिवशी फक्त पातळ, गाळलेले पदार्थ : वरणाचे गाळलेले पाणी, बिनदुधाचा चहा, नारळपाणी, साखर-मिठाचे पाणी. लाल रंगाचे सरबत नको, ते आत रक्तासारखे दिसते. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या किती दिवस आधी थांबवायच्या ते विचारावे, कारण त्यांनी शौच काळे आणि चिकट होते.

मग जुलाबाचे औषध. ते पाण्यात मिसळून दोन-तीन लिटर प्यायचे असते, बहुधा अर्धे आदल्या रात्री आणि अर्धे तपासणीच्या दिवशी पहाटे. पिणे जिवावर येते, म्हणून पुष्कळजण अर्धे ओतून देतात आणि दवाखान्यात "सगळे प्यालो" म्हणतात. ही लबाडी आपल्याच अंगाशी येते. आतडे घाण राहिले तर गाठी दिसत नाहीत. दैवयोगाने छिद्र पडलेच, तर ती घाण पोटात पसरते. आणखीही एक कारण आहे. पूर्वी आतडे साफ करण्यासाठी मॅनिटॉल नावाचे गोड औषध देत. आतड्यातले जंतू ते आंबवत आणि पेट घेणारा वायू तयार होई. १९७९ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक हकीकत प्रसिद्ध केली. गाठ कापताना विजेच्या ठिणगीने तो वायू भडकला, आतड्यात स्फोट झाला आणि रोगी दगावला. तेव्हापासून औषधे बदलली आणि आता असा अपघात अतिशय विरळ आहे. पण आतडे पुरते स्वच्छ हवे, हा धडा कायम राहिला. शेवटी शौचाला पिवळसर, स्वच्छ पाणी पडू लागले म्हणजे तयारी झाली.

आता प्रवासाचे. वाशिमला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असले, तरी अशा कामासाठी आपल्याकडचे लोक अजून अकोला, अमरावती, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतात. रिसोड किंवा मानोऱ्याकडून जुलाबाचे औषध पिऊन पहाटेच्या एस.टी.त बसणे म्हणजे हाल. अकोल्यात कोणी नातेवाईक असेल तर आदल्या दुपारीच तिथे मुक्कामाला जावे. संडास जवळ असलेली जागा पाहावी. म्हाताऱ्या माणसाला जुलाबाने अशक्तपणा येतो, चक्कर येते. त्याला रात्री एकट्याने संडासला जाऊ देऊ नये.

दुसरी तयारी गोळ्यांची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. हृदयाच्या झटक्यानंतर, स्प्रिंग बसवल्यावर किंवा लकव्यानंतर रक्त पातळ राहण्यासाठी गोळ्या देतात. गाठ काढायची असेल तर यांपैकी काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात, काही चालूच ठेवतात. साधी ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारख्या गोळ्या मोठी गाठ काढण्याआधी काही दिवस थांबवतात. हे हृदयाचे डॉक्टर आणि दुर्बिणीचे डॉक्टर यांनी मिळून ठरवायचे असते. आपल्या मनाने गोळी बंद केली तर हृदयात गुठळी होण्याचे भय, आणि न सांगता चालू ठेवली तर रक्त न थांबण्याचे भय. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, रिकामी झाली असली तरी, पिशवीत घालून न्यावीत. "ती लाल गोळी, रात्रीची" असे सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी साखर एकदम उतरते. त्याचा डोस आधी विचारून घ्यावा.

गाठ काढताना गुंगीचे इंजेक्शन देतात. त्याने श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो. म्हणून दमा, घोरणे, हृदयाचा आजार हे सगळे आधी सांगावे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नये, विहिरीवर जाऊ नये, बँकेच्या किंवा जमिनीच्या कागदावर सही करू नये. माणूस शुद्धीवर दिसतो, पण डोके जागेवर नसते.

रक्त केव्हा आणि का पडते?

गाठ काढल्यावर होणाऱ्या त्रासांत सर्वांत अधिक आढळतो तो रक्तस्राव. ढोबळ मानाने शंभर रोग्यांत एखाद्याला तो होतो. दोन सेंटिमीटरहून मोठी पसरट गाठ काढली असेल तर शंभरांत पाच-सात जणांना होऊ शकतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत प्रमाण वाढते.

काही वेळा रक्त तिथल्या तिथेच येते. डॉक्टरांना ते समोर दिसते आणि ते सुईने औषध टोचून किंवा धातूची बारीक क्लिप लावून थांबवतात. ही क्लिप पुढे आपोआप गळून शौचावाटे पडते. ती दिसली तर घाबरू नये.

खरी गोम उशिरा येणाऱ्या रक्ताची आहे. पायाला खिळा लागला की जखमेवर खपली धरते. चार-सहा दिवसांनी ती सुटते आणि कधी कधी खालून पुन्हा रक्त येते. आतड्यातही असेच होते. चटका दिलेल्या जागी खपली धरते आणि काही दिवसांनी निघते. तिच्याखालची रक्तवाहिनी अजून भरलेली नसेल तर ती उघडी पडते. म्हणून रोगी आठवडाभर ठणठणीत असतो, पाहुणे येऊन भेटून जातात, आणि एके दिवशी परसाकडे रक्ताची धार लागते. चौदाव्या दिवसापर्यंत हे होऊ शकते. क्वचित त्यानंतरही.

समजा, मानोरा तालुक्यातला एक शेतकरी गाठ काढून घरी आला. नवव्या दिवशी रात्री वीज आली म्हणून तो हरभऱ्याला पाणी द्यायला एकटाच शेतात गेला. तिथे पोटात कळ आली, रक्त पडले, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरचे सकाळी उठेपर्यंत त्याच्याकडे कोण पाहणार? हाच माणूस घरी असता, तर तासाभरात गाडीत बसला असता आणि दवाखान्यात पुन्हा दुर्बिणीतून क्लिप लावून दोन दिवसांत परत आला असता.

पहिल्या एक-दोन शौचांना रक्ताची एखादी रेघ, चमचाभर तांबूस पाणी दिसले तर ते चालण्यासारखे आहे. पण रक्ताच्या गुठळ्या, वाटीभर रक्त, दोन-तीन वेळा लागोपाठ रक्त, काळपट लाल शौच, चक्कर, घाम, छातीत धडधड यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहायची नाही. रोग्याला आडवे करावे, खायला काही देऊ नये आणि दवाखाना गाठावा. पुष्कळदा रक्त आपोआप थांबते हे खरे. पण ते थांबेल की नाही हे घरी बसून कळत नाही.

आतड्याला छिद्र

लोक ज्याला सर्वांत अधिक घाबरतात तो हा प्रकार. तो खरा आहे, पण विरळ आहे : गाठ काढलेल्या हजार रोग्यांत साधारण एखादा. आतड्याची भिंत फार पातळ असते आणि उजव्या बाजूला, जिथे मोठे आतडे सुरू होते, तिथे तर सर्वांत पातळ. छिद्र तीन रीतींनी पडते : नळी वळणावर रेटली जाऊन, आत भरलेल्या हवेच्या दाबाने, किंवा विजेचा चटका भिंतीत खोल गेल्याने. पहिल्या दोन प्रकारांत ते बहुधा तिथेच कळते. चटक्याने भाजलेली जागा मात्र एक-दोन दिवसांनी फाटू शकते, म्हणजे रोगी घरी पोचल्यावर.

इथे एक घोटाळा होतो. तपासणीच्या वेळी आत हवा भरलेली असते, त्यामुळे पोट फुगणे, गुरगुरणे, बारीक कळा येणे हे सगळ्यांनाच होते. मग साधी कळ कोणती आणि धोक्याची कोणती? साधी कळ वारा सरला, दहा पावले चालले की कमी होते. धोक्याची कळ तासागणिक वाढत जाते. हलले, खोकले की अधिक दुखते. पोट पाटासारखे कडक होते, हात लावू देत नाही. ताप येतो, ओकारी होते, वारा सरत नाही. कधी खांदाही दुखू लागतो, कारण आतड्यातून निसटलेली हवा वर पडद्याखाली साठते.

अशा वेळी आपल्याकडे पहिला विचार येतो तो बेंबी सरकल्याचा. मग पोट चोळणारी म्हातारी बोलावतात, तेल लावून गोळा बसवतात, एरंडेल पाजतात, हिंगाचे पाणी देतात. गाठ काढलेल्या रोग्याच्या पोटाला असा हात लावणे जिवावर बेतेल. पोट चोळायचे नाही, शेकायचे नाही, एनिमा द्यायचा नाही, जुलाब द्यायचा नाही, खायला-प्यायला द्यायचे नाही. गावातल्या डॉक्टरांकडून कळ थांबवणारे इंजेक्शन घेऊन झोपायचेही नाही. दुखणे दबते आणि आतला बिघाड वाढत राहतो. लवकर पोचल्यास लहान छिद्र दुर्बिणीतूनच क्लिपने बंद करता येते. वेळ गेला की पोट उघडावे लागते.

भाजल्याचा ताप

तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला. चटका भिंतीत खोल जातो, पण छिद्र पडत नाही. पहिल्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत केव्हाही ताप येतो, पोट एका जागी दुखते. सलाईन, जंतुनाशक औषधे आणि आतड्याला एक-दोन दिवस विश्रांती दिली की बहुतेकांना बरे वाटते, ऑपरेशन लागत नाही. पण हा ताप आणि छिद्राचा ताप घरी वेगळा ओळखता येत नाही. त्यासाठी पोटाचा फोटो किंवा स्कॅन काढावा लागतो. म्हणून गाठ काढल्यानंतरच्या आठवड्यात ताप आला तर तो पावसात भिजल्याचा असे गृहीत धरू नये.

घरचे चौदा दिवस

पहिल्या दिवशी हलके खावे : मुगाची खिचडी, दहीभात, मऊ पोळी. मग दोन-चार दिवसांत नेहमीच्या जेवणावर यावे. पाणी भरपूर प्यावे, म्हणजे कुंथावे लागणार नाही. दारू वर्ज्य. अंग दुखले, डोके दुखले तर पॅरासिटामॉल चालते. कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेल्या इतर वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी रक्त सुटते. थांबवलेली रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा कोणत्या तारखेला सुरू करायची, हे कागदावर लिहून घ्यावे. ती सुरू करायला विसरणेही तितकेच वाईट.

कामाचे गणित गाठीच्या आकारावर असते. बारीक गाठ नुसत्या फासाने काढली असेल तर तीन-चार दिवसांत हलकी कामे करता येतात. मोठी गाठ चटका देऊन काढली असेल तर दोन आठवडे जड काम नको : पोते उचलणे नाही, भरलेला फवारणीचा पंप पाठीवर घेणे नाही, नांगर-वखर धरणे नाही, खाचखळग्यांच्या रस्त्याने ट्रॅक्टर चालवणे नाही. रात्रीच्या पाण्यावर तर एकट्याने जायचेच नाही. या काळात लांबच्या लग्नाला किंवा यात्रेला निघू नये. जिथून दोन-तीन तासांत दवाखाना गाठता येईल अशाच जागी राहावे.

म्हणून तारीख घेतानाच शेताकडे पाहावे. सोयाबीनची सोंगणी साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात येते. तपासणी तातडीची नसेल तर पेरणी किंवा सोंगणीच्या तोंडावरची तारीख घेऊ नये. कामाच्या घाईत कोणी पथ्य पाळत नाही. मात्र रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, तर पिकासाठी थांबू नये. सोंगणी शेजारी-पाजारी सावडीने करून देतील.

घरातल्या बाईचे दुखणे तर आणखी उशिरा उजेडात येते. अशा जागचे दुखणे ती नवऱ्यालाही सांगत नाही. दवाखान्यात नर्सबाई सोबत असाव्यात असे मागायला संकोच करू नये. ते मागता येते. आणि तिची गाठ काढली असेल तर चौदा दिवस तिलाही तेवढेच लागू आहेत. दोन हंडे पाणी, सरपणाचा भारा, वैरणीची पेंढी हे सगळे जड कामच आहे. पुरुष खाटेवर आणि बाई चुलीपुढे, असे दोन नियम आतड्याला ठाऊक नसतात.

लहान मुलांच्या गाठी

दोन ते दहा वर्षांच्या मुलांनाही अशी गाठ होते. मूल शौचाला बसते, दुखत काही नाही, पण शौचाबरोबर लालभडक रक्त पडते. कधी चेरीसारखी लाल गाठ बाहेर डोकावते आणि आईला वाटते, मुलाचे आंग बाहेर आले. बहुतेक वेळा ही गाठ एकच असते, खालच्या भागात असते आणि कर्करोगाची नसते. मुलाला पुरती गुंगी देऊन ती काढतात. ती दोरा बांधून घरी तोडायचा उपद्व्याप कोणी करू नये. तिच्या देठात रक्तवाहिनी असते. मुलाच्या अंगात रक्त थोडे, त्यामुळे नंतर रक्त पडले तर मोठ्यांपेक्षाही लवकर दवाखान्यात न्यावे.

गाठीचा अहवाल

काढलेली गाठ तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात. अहवाल यायला काही दिवस लागतात. तोवर रोगी गावी आलेला असतो, बरे वाटत असते, आणि अहवाल दवाखान्याच्या कपाटातच पडून राहतो. एवढा खर्च आणि त्रास सोसला तो कशासाठी? गाठ कोणत्या जातीची होती, पुरती निघाली की नाही, तिच्यात कर्करोगाची सुरुवात होती का, हे त्या एका कागदावर असते. पुन्हा दुर्बीण केव्हा घालायची, काही महिन्यांनी, तीन वर्षांनी की आणखी उशिरा, हेही त्यावरून ठरते. अहवाल घेऊन डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उपचार पुरा झाला असे समजू नये. खर्चाच्या बाबतीत, निघतानाच शिधापत्रिका आणि आधारकार्ड सोबत घ्यावे आणि रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटून आपल्या उपचाराविषयी विचारावे.

कापून भिंतीला लावा

१. गाठ काढल्याची तारीख आणि चौदावा दिवस कॅलेंडरवर लिहा.

२. घरी निघण्यापूर्वी विचारा : गाठी किती, केवढ्या, कुठल्या बाजूला, चटका दिला का, क्लिप लावली का? रात्री फोन करायचा क्रमांक कोणता?

३. रक्त पातळ करणारी गोळी कोणत्या तारखेला सुरू करायची, ते कागदावर लिहून घ्या.

४. वाढत जाणारी पोटदुखी, कडक पोट, ताप, ओकारी, गुठळ्यांसह रक्त, चक्कर : यांतले एकही दिसले तर त्याच तासाला निघा. सकाळची वाट पाहू नका.

५. पोट चोळणे, शेकणे, एरंडेल, एनिमा नाही. तोंडाने काही देणे नाही.

६. गाडी नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते. जवळच्या सरकारी दवाखान्यात सलाईन लावून पुढे न्या.

७. दवाखान्याचा कागद सोबत न्या आणि पोचताच पहिले वाक्य हे सांगा : "अमुक तारखेला दुर्बिणीतून आतड्यातली गाठ काढली आहे." हे सांगितले नाही, तर रात्रपाळीचे डॉक्टर साधी पोटदुखी समजून औषध देतील. सांगितले, तर काय शोधायचे ते त्यांना लगेच कळेल.